एक दाब, दोन दाब

“हिरवा! हिरवा लागला!” सासूबाईंनी टाळीच वाजवली. “अगं, ऐकलंस का? भोपळ्याचं सूप चालेल म्हणताहेत!”

सून दारातून बघत होती. खाटेच्या कठड्याला तिने बांधून दिलेल्या बटणावर बाबांचं बोट होतं आणि समोरच्या डबीवर हिरवा दिवा. ज्यांनी जन्मात भोपळ्याला ताटाकडे फिरकू दिलं नाही, ते तिचे सासरे हो म्हणत होते!

झटका आला तेव्हा बाबांची वाचा गेली. मानही हलेना. उरलं ते उजव्या हाताचं एक बोट. डोळे बोलायचे, पण ज्याला जे हवं ते तो त्यांत वाचून मोकळा व्हायचा.

मग सूनबाई पदर खोचून कामाला लागली. ऑफिसात तिचं कामच छोट्या संगणकी बोर्डांचं. बोर्डाला पिना असतात. एका पिनेतून बाहेरचं आत जातं, दुसरीतून आतलं बाहेर येतं. मधे बसलेला कर्नल, म्हणजे संगणकाच्या पोटातला कारभारी, या पिना बाकीच्या प्रोग्रामना उघड्या करून देतो. तिने एका पिनेला बटण जोडलं, दोन पिनांना दिवे. एकदा दाबलं की हो, हिरवा. लागोपाठ दोनदा दाबलं की नाही, लाल.

पहिल्या दिवशी नुसता गोंधळ. बोट थरथरायचं, एका दाबाचे चार-पाच मोजले जायचे, दोन्ही दिवे आपले लुकलुकताहेत. तेव्हा तिने कर्नलला बजावलं, एक दाब आला की क्षणभर डोळे मीट, थरथर मोजू नकोस. त्यानंतर दिवा शहाण्यासारखा वागू लागला.

आणि काय सांगावं, बाबाही शहाणे झाले! शाळेत ते गणिताचे मास्तर, पण घरात त्यांचा एकच पाढा, नन्नाचा. सहल? नाही. नवा पंखा? नाही. आता मात्र गुलाबी पडद्यांना हो. मिशा उतरवायला हो. भोपळ्यालासुद्धा हो. डोळे तेवढे वटारलेले असायचे.

“भरून येतं हो त्यांना,” सासूबाई म्हणायच्या. “आजारपणाने माणूस कसा लोण्यासारखा झालाय.” आणि त्यांच्या गालावरून हात फिरवायच्या. त्या घरात इतकं गोडीगुलाबीचं वारं कधी वाहिलं नव्हतं.

सगळ्यात मोठा हो मिळाला तो चिऊला. चिऊ म्हणजे धाकटी लेक. तिशीला टेकली तरी घरात ती चिऊच. समुद्रापलीकडे, बर्फाच्या मुलुखात तिला मनासारखी नोकरी मिळाली होती. आजाराआधी बाबांनी ठणकावलं होतं, “नाही म्हणजे नाही!” ती चिडली होती, भांडली होती. पण झटका आला आणि तीच म्हणाली, “बाबांनी हो म्हटल्याशिवाय मी उंबरा ओलांडायची नाही.” मग एका सकाळी त्यांचा हात धरून तिने विचारलं, “बाबा, जाऊ?”

हिरवा. चिऊ त्यांच्या गळ्यात पडून अशी रडली, की बाबांचा सदरा बदलावा लागला.

आज ती निघणार होती. बॅगा दाराशी होत्या, भाऊ गाडी आणायला गेला होता. सून ऑफिसच्या कामासाठी या बोर्डाचाच प्रोग्राम उघडून बसली होती. बघता बघता तिचं बोट एका आकड्यावर थांबलं.

क्षणभर डोळे मीट, असं कर्नलला सांगताना तिने दोन शून्यं जास्त टाकली होती. पहिल्या दाबानंतर तो पठ्ठ्या चांगले पाच-सहा सेकंद डोळे मिटून बसत होता. बाबांचा दुसरा दाब त्याने कधी पाहिलाच नव्हता. त्या पहिल्या दिवसानंतर लाल दिवा एकदाही लागला नव्हता, आणि एवढ्या शहाण्यांच्या घरात ते कुणाला खटकलंही नव्हतं.

तिने शून्यं खोडली, लॅपटॉप घेऊन बाबांच्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं.

“बाबा, माझं चुकलं. इतके दिवस तुमचं नाही आम्हाला हो ऐकू येत होतं. आता नीट केलंय. भोपळा आवडतो?”

दोनदा. लाल.

“मिशा काढायच्या होत्या?”

दोनदा. दुसऱ्यांदा बटण असं दाबलं, की कठडा वाजला. तिला हसू आलं आणि रडूही आलं.

“चिऊने जावं?”

बोट थांबलं. मग एकदा दाबलं. लगेच पुन्हा दाबलं. लाल.

“वहिनी, गाडी आली गं!” बाहेरून चिऊचा आवाज आला. “बाबांना भेटते आणि निघतेच.”

सुनेला पुढचं लख्ख दिसत होतं. चिऊ येणार, पुन्हा विचारणार. लाल दिवा दिसला की काही न बोलता बॅगा उघडणार, कपडे कपाटात लावणार आणि त्या नोकरीचं नाव पुन्हा काढणार नाही.

“बाबा, ती आत्ता येईल,” सून म्हणाली. “तुमचा शब्द दडपायचा मला काय अधिकार? तुम्ही सांगाल तसं करते.”

बाबांनी दाराकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग त्यांची नजर सुनेच्या मांडीवरच्या लॅपटॉपवर आली आणि तिथेच राहिली. त्यांचे डोळे भरले होते, आणि या वेळी त्यांत कुणाला काही वाचायला लागत नव्हतं.

“बाबा,” तिने हळूच विचारलं, “ती दोन शून्यं परत घालू?”

बाबांनी बटण दाबलं. ती दुसऱ्या दाबाची वाट बघत राहिली. तो आला नाही.