कमरेची गाठ

"किती दिवस झाले कमरेवरच्या या जखमेला, आजी?"

"जखम कसली! घामानं खाजलंय," कमळाबाई भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या. भाईंदरच्या दवाखान्यात, सत्तराव्या वर्षी, नातीच्या वयाच्या डॉक्टरणीपुढे परकराची नाडी सोडून आडवं पडायचं! मस्तक फिरलं होतं ते त्यानंच.

"दोन पावसाळे झाले," सून रश्मी हळूच म्हणाली. "हळद लावतात, मलम लावतात. भरतच नाही."

"तुला कुनी इचारलं?"

डॉक्टरीण म्हणाली, तुकडा काढून तपासावा लागेल. कातडीचा कॅन्सरही असू शकतो.

कमळाबाई ताडकन उठून बसल्या. "मिशेरीला कदी बोट लावलं न्हाय मी! मुर्ध्याच्या मिठागरात वीस वर्सं ऊन खाल्लं, तोंडाला काय झालं न्हाय. आन् जितं ऊन पोचत न्हाय तितं कॅन्सर?"

"उन्हानं नाही, नाडीनं. एकाच जागी रोज आवळायची, कातडी चिरायची, भरायची, पुन्हा चिरायची. अशी वर्षं जातात. फार कमी जणींना होतो, पण होतो. आता नाडी बंद. गाऊन घाला."

गाऊन! गाऊन घालून बाजारात हिंडणाऱ्या बायांची सालं काढण्यात कमळाबाईंचा जन्म गेलेला. नाडी सैल ती बाई सैल, हे त्यांचं शास्त्र. रश्मी लग्न होऊन आली, तेव्हा पहिल्याच सकाळी तिची गाठ त्यांनी स्वतः ओढून आवळली होती. चौदा वर्षं झाली, सुनेच्या अंगाला गाऊन लागू दिला नव्हता.

"न्हाय कापून घ्याचं मना. चल गो!" परकर सावरत त्या खाली उतरल्या.

रश्मी पिशवी घ्यायला वाकली. वाकताना तिचा हात कमरेशी गेला आणि पदराआड खाजवून परत आला.

कमळाबाई बघत राहिल्या. मग पुढे होऊन त्यांनी तिच्या नाडीखाली बोट घालून पाहिलं. बोट शिरेना. रश्मी कळवळली.

"कदीपासून? बोलली का न्हाय?"

"बोलले असते तर तुम्ही आणखी आवळली असती."

कमळाबाईंनी गाठीला नख लावलं. दोनदा लावलं. गाठ सुटेना.

"गो बाय," त्या डॉक्टरणीकडे न बघता म्हणाल्या, "कात्री आदी हिकडं दे. माजा तुकडा मंग काढ."