सहाव्या सेन्सरची जागा

शहराच्या पाण्यातली घाण ओळखायला सेन्सर मिळाले सहा. ते कुठे बसवायचे, यावर इंजिनीअर बाईंनी कॉम्प्युटरसमोर तीन महिने डोकं खपवलं. सहावी जागा निघाली ती नेमकी शिंपीकाकांच्या दारात! पाण्याला वास येतोय म्हणून ते ऑफिसला सारखे फोन करत आणि तिथे कुणी दाद देत नसे.

"माझ्याच दारात का?" काका गुरकावले.

"लाइन इथे संपते, काका. या भागात कुठेही घाण शिरली तरी शेवटी इथेच येते."

"अहो, मग दहा वर्षं मी दुसरं काय सांगतोय?"

बाई ओशाळल्या. त्यांनी स्वतःचा मोबाइल नंबर लिहून दिला.

आठवड्याभरात काकांचा फोन आला, "वास येतोय." सेन्सर मात्र गप्प होता. बाईंनी ताबडतोब पाणी बंद करायला लावलं, आणि सेन्सर दुरुस्तीला पाठवला.