कायमची

प्राचार्य स्टाफरूममध्ये येऊन म्हणाले, "राखीव निधी मोडून तासिकेवरच्या प्राध्यापकांना कायम करायचं संस्थेनं ठरवलंय. वृंदामॅडम, तुमचंही नाव आहे."

सगळे पेढे मागू लागले. वृंदाला लेक आठवली. नवरा वारल्यावर तुटपुंज्या मानधनात भागेना, म्हणून तान्ह्या ईराला तिनं साताऱ्याला थोरल्या बहिणीकडे ठेवलं होतं. "नोकरी कायम झाली की तुला घेऊन जाईन," असं दर दिवाळीला सांगून ती एकटीच परतायची.

तिनं व्हरांड्यात जाऊन फोन लावला. "ईरा, या सुट्टीत तुला न्यायला येते. कायमची."

ईरा घुटमळली. "थांब हं, आईला विचारते."

वृंदा फोन कानाशी धरून उभी राहिली. पलीकडे ईरानं हाक मारली आणि बहिणीनं ओ दिली.