आधी नातेवाइकाला

“काही वाईट निघालं तर तिला सांगू नका, मला सांगा,” सदानंद दवाखान्याच्या खिडकीतल्या बाईंना हळू आवाजात म्हणाला.

“सगळे तेच सांगतात काका. आता नियमच आहे, अहवाल आधी नातेवाइकाला.”

त्याची बायको कुमुद गाठीच्या तपासणीच्या दारापाशी अडली होती. त्या दारातून जो जाईल त्याची प्रतिमा निघायची, आणि गाठ कसली आहे, किती वेगानं वाढेल, ते दारातलं यंत्र त्या प्रतिमेवरूनच सांगायचं. सुई नाही, तुकडा काढणं नाही. तरी तिचं पाऊल उचलेना. सदानंदनं तिचा हात धरला आणि दोघं बरोबरच पलीकडे गेले.

दहा मिनिटांनी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. तो लगेच उठला.

“तुम्ही बसा. कुमुदताई, तुम्ही आत या.”

“अहो, नातेवाईक मी आहे,” तो चिडून म्हणाला.

त्यांनी त्याच्याकडे न बघता दार लावून घेतलं. काचेतून त्याला कुमुदची पाठ दिसत होती. समोर पडद्यावर प्रतिमा दोन होत्या. सदानंदनं वळून तपासणीच्या दाराकडे पाहिलं आणि तो खाली बसला.

कुमुद बाहेर आली ती चेहरा पुसूनच.

“माझी साधी गाठ आहे हो, काही नाही,” ती म्हणाली. “चला, जाताना तुमच्यासाठी जिलबी घेऊ.”

साखरेमुळे चार वर्षं तिनं त्याला गोड खाऊ दिलं नव्हतं. आता ती हसत होती. तेच हसू त्यानं सकाळी दाढी करताना, तिच्यासाठी, आरशात करून पाहिलं होतं.