हुबेहूब रूप

जादूगार महोत्सवात आम्ही चौघं एका तंबूसमोर रांगेत होतो. पाटी होती: ‘मागाल ते रूप घेऊ.’ कापसाची दाढी लावलेला जादूगार मुलांसाठी सिंह झाला, मग किटली. किटली झकास जमली. त्याचा आवाज ऐकून आई ताठ झाली. “हा माझा साहेब.” आजी दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होती, तेव्हा ‘ऑडिट आहे’ म्हणत यानंच आईची रजा नाकारली होती. भेट झालीच नाही. “सुट्टीचा दिवस आहे, जाऊ दे,” बाबा म्हणाले. आईनं पर्स त्यांच्याकडे दिली. “बोला ताई, काय होऊ?” म्हणत जादूगार वळला आणि थिजला. “बेडूक व्हा.” झाला. “उड्या मारा.” मारल्या. “आता मरणाऱ्या आईला भेटू न देणारा साहेब व्हा.” “घ्या की रूप,” रांगेतून आवाज आला. त्यानं नुसती दाढी काढली. “हुबेहूब,” म्हणत आईनं टाळ्या वाजवल्या.