गॉजची पट्टी

"विस्कटल्या केसांनी इथून कुणी जायचं नाही," मरणाऱ्यांना सांभाळणाऱ्या त्या घरातल्या मावशी म्हणायच्या. एखादी बाई ज्या दिवशी जाणार, त्या सकाळीच तिची वेणी घालून टोकाला गॉजची पट्टी बांधायच्या. दिवस कधी चुकला नाही. हात असा हलका, की झोपमोडही व्हायची नाही.

मावशी वारल्या. वेण्या मात्र थांबल्या नाहीत.

तिथल्या नर्सला भीती वाटायची नाही, उलट ऊर भरून यायचा. "मावशींची मेल्यावरही दांडी नाही!"

आज सकाळी क्लिप काढून, केस मोकळे सोडून ती एका आजींच्या खाटेपाशी जरा टेकली आणि तिचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा आजी कौतुकानं बघत होत्या. "किती छान वेणी घातली गं त्यांनी तुझी!"

तिनं मानेमागे हात नेला. बोटांना पट्टीची गाठ लागली.