दाखला

टीव्हीवर दोन पक्षांचे प्रवक्ते कोविडवरून एकमेकांच्या अंगावर धावून जात होते, आणि मुलुंडच्या त्या घरात बापलेकही.

"ऑक्सिजनविना माणसं तडफडून मेली, अण्णा! सरकार धडधडीत खोटं बोलतंय," सिद्धेश ओरडला.

"एक तरी कागद दाखव! प्रत्येक मृत्यूच्या दाखल्यावर डॉक्टरची सही आहे. डॉक्टर काय खोटं लिहितात? विचार तुझ्या बहिणीला, ती होती ना कोविड वॉर्डात!"

दोघांनी डॉक्टर अपूर्वाकडे पाहिलं. ती आपल्याच बाजूने बोलणार, अशी दोघांनाही खात्री होती. इतक्या वर्षांत तिने त्या वॉर्डाबद्दल घरात चकार शब्द काढला नव्हता. तिने उठून टीव्ही बंद केला.

"आमच्या वॉर्डात एका दुपारी ऑक्सिजन संपला आणि अर्ध्या तासात सात जण गेले, अण्णा. दाखल्यावर काय लिहायचं, ते वरून फोन करून सांगितलं गेलं. सातही जणांच्या दाखल्यावर हृदयविकाराचा झटका लिहिलाय."

अण्णांचा आवाज एकदम खाली आला. "आणि अशा दाखल्यांवर सही करणारा डॉक्टर मिळाला त्यांना?"

"मिळाला ना," अपूर्वा म्हणाली. "मीच केली सही."